पायलटाचे आईबाप वेटिंगवर

भुसावळला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात आयुष्य गेलं, त्यामुळे फुकट प्रवासाचं शास्त्र मला कोणी शिकवायला नको. पास वेगळा, पीटीओ वेगळा. पासात भाडं माफ, पीटीओत एक तृतीयांश भरायचं. साहेब वरच्या वर्गात पाय पसरून झोपणार, आपण साइड अपरला गुडघे पोटाशी घेणार, यात कोणाला वावगं वाटत नाही. म्हणून मुलगा अमेरिकेत पायलट झाला आणि "आता आईबाबांना विमान फुकट" म्हणाला, तेव्हा सगळे नातेवाईक हुरळले. मी एवढंच विचारलं, "कन्फर्म का वेटिंग?"

वेटिंगच. तिकडे त्याला स्टँडबाय म्हणतात. पैसे भरलेले सगळे बसले आणि सीट उरली, तर तुमची. तोवर गेटपाशी बसायचं, शहाण्यासारखं दिसायचं आणि आपण फुकटे आहोत हे शेजारच्याला कळू द्यायचं नाही. मुलाने कपड्यांचेही नियम सांगितले. 2017 मध्ये डेन्व्हरहून पासवर निघालेल्या दोन मुलींना लेगिंग घातली म्हणून विमानात घेतलं नव्हतं म्हणे. "साडी चालते ना रे?" हिने विचारलं. नियमात साडीचा उल्लेख नव्हता, म्हणजे चालत असावी.

आता मुलाची गोष्ट. तो कॅप्टन आहे, पण रीजनल कंपनीत. म्हणजे विमानाच्या शेपटीवर रंग मोठ्या कंपनीचा, तिकिटावर नाव तिचंच. उडवणारी कंपनी मात्र भलतीच, पगारही तीच देणार. उतरताना प्रवासी ज्या कंपनीचे आभार मानतात, तिचा हा नोकरच नव्हे. त्या मोठ्या कंपनीला मेनलाइन म्हणायचं. मेनलाइनच्या पायलटांनी आपल्या करारातच लिहून घेतलंय की रीजनलवाल्यांनी आमच्या नावाने 76 पेक्षा जास्त सीटांचं विमान उडवायचं नाही. त्यांचंही बरोबर आहे. उद्या सगळीच उड्डाणं स्वस्तातल्या पोरांकडे गेली तर त्यांनी काय करायचं? पण आमचा दिवटा वर्षानुवर्षं त्या 76 सीटा मागेपुढे करतोय. गुड्स गार्डला मेल-एक्स्प्रेस मिळायला वेळ लागतोच, पण निदान दोघांची रेल्वे एकच असते.

ही वर्णव्यवस्था पूर्ण कळते ती स्टँडबायच्या यादीत. मुलाच्या कंपनीचा जिच्याशी करार आहे, तिच्याकडे आधी मेनलाइनचे कर्मचारी, मग रीजनलचे, आणि रीजनलवाल्यांचे आईबाप जवळजवळ तळाला. मेनलाइनचे फोन घ्यायला गेल्या सोमवारी नोकरीला लागलेला पोरगा माझ्या चार पट्ट्यांच्या कॅप्टनच्या पुढे! हिला हे अजून पटलेलं नाही. "विमान कोण चालवतो?" एवढा एकच प्रश्न ती विचारते, आणि प्रश्न म्हटलं तर बिनतोड आहे.

2025 ला गौरीपूजन नेमकं लेबर डेच्या सोमवारी आलं. राली गावात पुतणीच्या घरी गौरी बसणार, काकूने फुलोऱ्याच्या करंज्या आणायच्या असं ठरलेलं. म्हणून आम्ही शुक्रवारी शिकागोच्या ओहेअर विमानतळावर, म्हणजे अख्खी अमेरिका लाँग वीकेंडला बाहेर पडते त्याच दिवशी. सोबत मुलगा. तो गणवेशात होता, कारण त्याची योजना होती कॉकपिटमधल्या जंपसीटवर, म्हणजे तिथल्या जादा खुर्चीवर बसायची. तेवढीच केबिनमधली एक सीट आम्हाला मोकळी.

गेटजवळच्या पडद्यावर आडनावाची पहिली तीन अक्षरं आणि नावाचं एक, एवढंच दिसतं. आम्ही दोघंही 'के यू एल, व्ही'. वरचा व्ही मी की ही, यावर आमचा थोडा वाद झाला. तेवढ्यात माझ्या डोळ्यांदेखत आम्ही दोघंही खाली सरकलो. मी चष्मा पुसला. पुन्हा सरकलो. रेल्वेत इतकी वर्षं काढली, पण वेटिंग वाढताना कधी पाहिलं नव्हतं! आपल्याकडे चाळीस नंबर मिळाला की तो एकोणचाळीस होईल नाहीतर चाळीसच राहील. इथे मागून आलेला मेनलाइनवाला यादीत मध्येच घुसतो आणि तुमचा पंधराचा अठरा होतो.

जंपसीटचंही तेच. मुलाने गेटवर ओळखपत्र तपासून घेतलं, आत जाऊन कॅप्टनची रीतसर परवानगी मागितली, आणि दार बंद व्हायच्या जरा आधी मेनलाइनचा एक पिकल्या मिशांचा पायलट धावत आला. स्वतःच्या कंपनीचा म्हणजे पहिला हक्क त्याचा. "सॉरी, बडी," तो म्हणाला. "नो वरीज, सर," मुलगा म्हणाला. दोघं हसले. माझा मुलगा असं हसतो तेव्हा त्याचे कान लाल होतात, लहानपणापासून.

दुपारच्या विमानात एकच सीट निघाली. "कुलकर्णी, व्ही," असं पुकारल्यावर कुठला व्ही हे विचारायला मी उठलो, तोवर ही करंज्यांसकट पुढे पोचली होती.

याच ओहेअरला एप्रिल 2017 मध्ये पैसे भरलेल्या एका डॉक्टरला सीटवरून फरफटत बाहेर काढलं होतं, आपल्याकडेही टीव्हीवर ते किती वेळा दाखवलं. युनायटेड एक्सप्रेसचं लुईव्हिलला जाणारं विमान. सीटा हव्या होत्या चार कर्मचाऱ्यांना, दुसऱ्या विमानावर ड्यूटीला पोचण्यासाठी. ते चौघं कोण? रीजनलचेच! मुलाने हे सांगितलं तेव्हा मी चाटच पडलो. म्हणजे ड्यूटीवर निघालेला रीजनलवाला असा की त्याच्यासाठी तिकीटवाल्याला उठवतील, आणि रजेवर निघालेला तोच माणूस फोनवाल्या पोरामागे रांगेत. रेल्वे बोर्डालाही हे सुचलं नसतं.

रात्रीच्या शेवटच्या विमानाला गर्दी ओसरली. यादीत मी पहिला, सीट शिल्लक एक. मी शर्ट खोचून, बॅग खांद्याला लावून उभाच राहिलो. तेवढ्यात मुलाचा फोन वाजला. कंपनीचं क्रू शेड्युलिंग. रालीला एक कॅप्टन आजारी, उद्याचं विमान अडलंय; सुट्टीवर आहेस, पण येतोस का, दुप्पट पगार. याच विमानाने पाठवतो.

"बाबा..." तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"कन्फर्म?" मी विचारलं.

"कन्फर्म."

गेटवरच्या बाईंनी कळ दाबली आणि पडद्यावरची एकची सीट शून्य झाली. दिवसभर ज्यांनी मला खाली ढकललं, त्यांची नुसती तीन-तीन अक्षरं पाहिली होती. या माणसाचं नाव मात्र मला पूर्ण ठाऊक होतं. बारशाला मीच ठेवलं होतं.