जंगलात राहायला गेलो होतो, वरातीत नाही

आधीच सांगते, डोकं अजून तापलेलंच आहे, त्यामुळे हे लांबणार. आमची वर्षातून एकदा कशीबशी चार दिवसांची सुट्टी जुळते, पोराची परीक्षा, नवऱ्याचं ऑडिट, सासूबाईंचा गुडघा या सगळ्यातून वाट काढत, आणि ती सुट्टी आम्ही कर्नाटकातल्या दांडेलीत एका 'जंगल रिसॉर्ट'च्या नादात घालवली. नाव घेत नाही, कारण नाव घेऊन उपयोग नाही, तिकडच्या दहातल्या आठ ठिकाणी हाच तमाशा आहे असं परत आल्यावर चार ओळखीच्यांनी सांगितलं. जायच्या आधी एकाने तोंड उघडलं नाही!

कोल्हापूरहून बेळगाव, खानापूर, रामनगर करत गेलो. रस्ता शेवटी शेवटी इतका सुंदर आहे ना की वाटलं पैसे इथेच वसूल झाले. रामनगर म्हणजे सुपा धरणात ज्यांची गावं गेली त्यांना वसवलेलं गाव, तिथे चहाला थांबलो तर टपरीवरची काकू मराठीतच बोलायला लागली, मधेच कोंकणी. पोरगा खूश, मी खूश. आमचा पोरगा अकरा वर्षांचा, त्याला पक्ष्यांचं वेड, वही घेऊन फिरतो, आणि त्याला एकच गोष्ट बघायची होती, धनेश, म्हणजे तो मोठ्या चोचीचा हॉर्नबिल. दांडेलीला धनेशाच्या चारही जाती दिसतात, हे त्याने आम्हाला महिनाभर जेवताना ऐकवलं होतं.

तर रिसॉर्ट. फोटोत काय होतं, नदी, नदीवर धुकं, लाकडी कॉटेज, आणि वर लिहिलेलं 'रिव्हर टच'. तिथे गेल्यावर कळलं की नदी चार किलोमीटरवर आहे. रिसेप्शनवरच्या पोराला विचारलं तर म्हणतो, मॅडम गाडीने दहा मिनिटं. अरे मग माझं घर पण पंचगंगा टच आहे! खोलीची खिडकी उघडली तर समोर सिंटेक्सची काळी टाकी आणि तिच्यामागे डीजेचे दोन बॉक्स रचलेले. बॉक्स बघूनच माझ्या पोटात गोळा आला होता, पण नवरा म्हणाला, असतील कुठल्यातरी कार्यक्रमाचे. कार्यक्रम रोजचा होता.

संध्याकाळी साडेसहाला सुरू. आधी 'रेन डान्स'. म्हणजे वर पाइपला भोकं पाडून त्यातून पाणी, खाली चिखल, आणि शंभर माणसं नाचतायत. जंगलात जाऊन खोटा पाऊस कशाला पाडायचा हे मला कोणीतरी शांतपणे समजावून सांगा, जिथे जूनपासून आभाळ फाटल्यासारखा खरा पडतो. आठनंतर कॅम्पफायर, म्हणजे सागाच्या दोन ओंडक्यांवर रॉकेल, त्याच्याभोवती खुर्च्या, आणि माईकवर एक माणूस, 'पुणे से कौन कौन आया है?' आणि पुण्याची जनता ओरडतेय! पार्किंगमध्ये निम्म्या गाड्या एमएच बारा नाहीतर एमएच चौदा, आणि आमच्या एमएच नऊवाल्यांनी पण काही कमी केलं नाही, एक काका तर बाटली डोक्यावर ठेवून नाचत होते. म्हणजे दोष फक्त रिसॉर्टवाल्याला देऊन आपण सुटत नाही, हे गिऱ्हाईक आपलंच आहे. गणपतीत डीजे, लग्नात डीजे, बारशाला डीजे, आता बिबट्याच्या दारात पण डीजे.

दहा वाजले, थांबेना. सव्वादहाला मी गेले मॅनेजरकडे. म्हटलं भाऊ, रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, हा नियम २००० सालापासून देशभर आहे, आणि तुम्ही तर व्याघ्र प्रकल्पाच्या उंबऱ्यावर बसलायत. तो हसला. म्हणाला, "मॅडम, गेस्ट एन्जॉय कर रहे हैं." म्हणजे मी कोण? मी पण गेस्टच ना, का मी भांडी घासायला आलेय? मग म्हणतो, तुम्हाला पलीकडची रूम देतो. पलीकडची रूम म्हणजे जनरेटरच्या शेजारची.

पावणेबाराला बंद झालं. त्यानंतर शेजारच्या कॉटेजमध्ये ब्लूटूथ स्पीकर.

मला खरा राग कसला आला ते सांगते. आम्ही गेलो फेब्रुवारीच्या शेवटी. तो धनेशांचा अंड्यांचा सीझन. मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून टाकते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते, आणि मग कित्येक आठवडे आत कोंडून घेऊन बसते. नर दिवसभर उंबरं, वडाची फळं गोळा करून आणतो आणि त्या फटीतून तिला भरवतो. हे सगळं मला पोराने त्या रात्री अंथरुणात सांगितलं, कारण झोप कोणालाच येत नव्हती. आणि मग विचारलं, "आई, ती बाहेर पण येऊ शकत नाही ना, मग तिने काय करायचं?" काय उत्तर देणार मी. मी निदान रूम बदलून मागितली तरी.

या जंगलाला २००७ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला, २०१५ मध्ये नाव बदलून काळी व्याघ्र प्रकल्प झालं, पाट्या लागल्या, पाट्यांवर हॉर्न वाजवू नका असं पण लिहिलंय. हॉर्न नको, सबवूफर चालतो.

दुसऱ्या दिवशी ॲक्टिव्हिटी. पॅकेजमध्ये 'राफ्टिंग इन्क्लुडेड' होतं. काळी नदीवरचं राफ्टिंग खरंच भारी असतं असं ऐकलं होतं, आणि ते सुप्याच्या पॉवर हाऊसमधून पाणी सोडतात त्यावर अवलंबून असतं हेही माहीत होतं, त्यामुळे पाणी नाही म्हणाले असते तर मी एक शब्द बोलले नसते. पण पाणी होतं! फक्त आमच्या पॅकेजमध्ये 'शॉर्ट राफ्टिंग' होतं. शॉर्ट म्हणजे किती शॉर्ट? घड्याळ लावून बारा मिनिटं. बोटीत बसवलं, सपाट पाण्यात एक चक्कर, मधेच एका जागी बोट गोल फिरवली, सगळ्यांनी ओरडायचं, फोटो, उतरा. खरं राफ्टिंग हवं तर वेगळे पैसे, तेही कॅश, कारण नेटवर्क नाही म्हणून ऑनलाइन पेमेंट होत नाही, पण बुकिंगच्या वेळी ॲडव्हान्स मात्र अर्ध्या मिनिटात घेतला होता.

आणि लाईफ जॅकेट! पोराला जे दिलं ते ओलं, आंबूस वासाचं, मोठ्या माणसाच्या मापाचं. खालचं बक्कल तुटलेलं, त्या जागी निळी नायलॉनची दोरी, आणि त्या दोरीला आधीच्या कोणीतरी मारलेली गाठ, ती सुटेना. मी नखांनी सोडवत बसले, मागून रांग ओरडतेय. म्हटलं हे चालणार नाही, दुसरं द्या. तो म्हणाला, "काही नाही होत मॅडम, पाणी कमरेएवढंच आहे." मी जॅकेटच्या खांद्याला धरून पोराला वर उचलायला गेले तर जॅकेट वर आलं आणि पोरगा खाली राहिला. पाण्यात पडला असता तर हेच झालं असतं, जॅकेट तरंगलं असतं. मग मी जो आवाज काढला ना, त्यांच्या डीजेला जमला नसता. मग आतून नवीन निघालं, प्लास्टिकच्या पिशवीत पॅक! म्हणजे होतं. दाबून ठेवलेलं.

'जंगल सफारी' तर विचारूच नका. वनखात्याची सफारी वेगळी, तिची जीप, तिचं तिकीट, तिचं गेट सगळं वेगळं. यांची सफारी म्हणजे उघड्या जीपमधून गावाच्या डांबरी रस्त्यावर फेरी, दोन माकडं, एक म्हैस.

जेवणाबद्दल एकच. तिथला जोयडा तालुका कंदांसाठी ओळखला जातो, कुणब्यांच्या परसात एकेक कंद मांडीएवढा निघतो. आम्हाला दोन दिवस पनीर, मंचुरियन आणि गुलाबजाम. वाढणारा पोरगा तिथलाच, बिचारा गोड, त्याला विचारलं तुमच्याकडचं काही का नाही करत? म्हणाला, ताई आमच्या घरी या, आई करील, इथे लोकांना पनीरच पायजे. त्याच्याशी बोलले तेवढाच काय तो या ट्रिपमधला माणसासारखा संवाद.

निघालो त्या सकाळी पोराचं तोंड एवढंसं. वहीत एकही धनेश नाही. दांडेली गावातून जाताना नवऱ्याने चहाला गाडी लावली, लाकूड डेपोपासून जवळच. ट्रक, आरडाओरडा, धूळ. आणि चहा ओठाला लावतेय तोच वरून फस्स फस्स असा आवाज, कोणीतरी मोठी ताडपत्री झटकावी तसा. पोरगा कप टाकून रस्त्यावर. मोठाली काळी-पांढरी धनेशं, पिवळ्या चोचीवर ते काळं टोपण, एकामागे एक उडत येऊन डेपोतल्या झाडावर बसली. चहावाल्याने मान पण वर केली नाही, रोजचंच त्याला. दहा रुपयांचा चहा, एंट्री फ्री, डीजे नाही.

वहीत त्याने लिहिलंय: मलबारी धनेश ७, ठिकाण लाकूड डेपो. त्याच्या वर रिसॉर्टच्या नावाखाली: कावळे २, काका १.

परवा रिसॉर्टवाल्याचा व्हॉट्सॲप आला, फाइव्ह स्टार रेटिंग द्या म्हणून. टॉवेलचं पाचशे रुपये डिपॉझिट अजून परत आलेलं नाही, ते विचारलं तर दोन निळ्या टिका आल्या आणि तेवढंच.