प्रतिक्रियेला उत्तर: ८ लाखांच्या नुकसानीचे ४ लाख का होतात?

नमस्कार. दुकानाच्या विम्यावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की विम्याचा हप्ता म्हणजे पाण्यात घातलेला पैसा. तुमच्या मित्राच्या हार्डवेअरच्या दुकानात पुराचं पाणी शिरून ८ लाखांचा माल गेला, पॉलिसी २० लाखांची असूनही पुरते ४ लाखही मिळाले नाहीत. वर विचारलंत, सीसीसाठी (मालावरच्या कॅश क्रेडिट कर्जासाठी) बँक विमा काढतेच, मग वेगळा आग्रह कशाला?

संताप रास्त आहे. पण क्लेम असा निम्मा होतो तो बहुतेकदा बँकेच्या त्या विम्यावर विसंबल्यामुळेच. बँक स्वतःच्या कर्जापुरतं बघते. सीसीची मर्यादा २० लाख, म्हणून विमा रक्कम २० लाख. पाणी शिरलं त्या दिवशी दुकानात ४० लाखांचा माल असेल, तर निम्म्या मालाचाच विमा होता असं धरतात आणि भरपाईही त्याच प्रमाणात देतात: ८ × २० ÷ ४० = ४ लाख. त्यातून एक्सेस, म्हणजे क्लेममधली स्वतः सोसायची रक्कम, वजा. प्रमाणात भरपाई कापायचा हा नियम म्हणजे ॲव्हरेज क्लॉज. पॉलिसीवर बँकेचं नाव असल्याने पैसे आधी तिच्याकडे जातात, ते वेगळंच.

१ एप्रिल २०२१ पासून एका ठिकाणी ५ कोटींपर्यंत मालमत्ता असलेल्या धंद्याला 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसी मिळते. आग, पूर, भूकंप मूळ पॉलिसीतच असतात आणि विमा रकमेतली १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते. म्हणजे ४० लाखांच्या मालावर ३४ लाखांचा विमा असता, तर ॲव्हरेज लागलाच नसता.

म्हणून विमा रक्कम मार्चअखेरच्या ताळेबंदावरून ठरवू नका. वर्षात माल सर्वांत जास्त भरलेला असतो तो महिना धरा. भाव खरेदीचा, वाहतुकीसह. विक्रीचा नाही, कारण नफा भरून मिळत नाही. आणि जीएसटी विसरू नका. माल नष्ट झाला की त्यावर घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे परत करावं लागतं. १८ टक्क्यांच्या ८ लाखांच्या मालावर ते १ लाख ४४ हजार होतं. विमा रक्कम जीएसटी धरून काढली आहे असं प्रपोजलमध्ये, म्हणजे विम्याच्या अर्जात, स्पष्ट लिहून घ्या.

गोडाऊन वेगळं असेल तर त्याचा पत्ता पॉलिसीत हवाच. माल इकडून तिकडे फिरत असेल तर सगळे पत्ते घालून फ्लोटर, म्हणजे सगळ्या जागांना मिळून एकच विमा रक्कम असलेली पॉलिसी, घ्या. घरफोडीचा विमा वेगळा काढावा लागतो.

स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे बँकेला द्यायचा मालाचा तक्ता, फुगवायची सवय मात्र खरंच घातक आहे. उचल वाढावी म्हणून बँकेला ४० लाखांचा माल दाखवायचा आणि वहीत २८ लाखांचा ठेवायचा, असं कितीतरी दुकानांत चालतं. नुकसान मोजायला आलेला सर्व्हेअर दोन्ही कागद मागतो, जीएसटी रिटर्नशी ताडून बघतो, आणि तिथे क्लेम अडकला की महिनोन्‌महिने सुटत नाही.

तुमच्या मित्राने आधी सर्व्हे रिपोर्टची प्रत मागावी. त्यात मालाची एकूण किंमत किती धरली आहे ते बघा. ती विक्रीच्या भावाने धरली असेल, किंवा पॉलिसीत नसलेल्या गोडाऊनचा माल त्यात मिळवला असेल, तर कपात चुकीची आहे. कंपनीकडे लेखी तक्रार द्यावी. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर दुकान एकट्याच्या मालकीचं असल्यास विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, वकील लागत नाही आणि फीही नाही.