अकरा वाजून तेवीस मिनिटांनी

आधीच सांगते, या पोस्टमध्ये 'सिग्नल' या कोरियन मालिकेतल्या बऱ्याच गोष्टी उघड होणार आहेत. बघायची असेल तर आधी बघून घ्या, सोळाच एपिसोड आहेत. 2016 मध्ये टीव्हीएन वाहिनीवर आली होती, किम उन-ही यांनी लिहिलेली. हिंदीत 'ग्यारह ग्यारह' बघून ज्यांना ती आवडली, त्यांनी मूळ मालिका चुकवू नये.

माझी तिसऱ्यांदा बघून झाली, आणि या वेळी माझं लक्ष गुन्हेगार कोण याच्याकडे नव्हतंच, ते आता पाठ आहे. मी बघत होते की यातली अमानवी गोष्ट कशी वापरली आहे. तपासाच्या कथेत भूतखेत, स्वप्नं, दृष्टान्त आले की माझा जीव धास्तावतो. आत्मा येऊन खुन्याचं नाव सांगून गेला, तर मग पोलिसांनी करायचं काय? प्रेक्षकाने तरी डोकं कशाला चालवायचं? अशा किती मालिका मी दोन एपिसोडांत सोडल्या, त्याला गणती नाही. 'सिग्नल'मध्ये मात्र अमानवी गोष्ट एकच आहे, आणि तिला इतकं जखडून ठेवलंय की तपास सोपा होण्याऐवजी जास्तच अवघड होतो.

ती गोष्ट म्हणजे एक जुना वॉकीटॉकी. आत बॅटरी नाही. 2015 मधला प्रोफायलर, म्हणजे गुन्ह्यावरून गुन्हेगाराच्या स्वभावाचा अंदाज बांधणारा पोलीस, पार्क हे-यंग याला तो भंगारात सापडतो आणि रात्री 11 वाजून 23 मिनिटांनी त्यातून आवाज येतो. पलीकडे डिटेक्टिव्ह ली जे-हान, 2000 सालातला. बोलणं मिनिटभर, की खरखर आणि शांतता. त्यातून फोटो जात नाही, कागद जात नाही, बोटांचे ठसे जात नाहीत, जातो तो फक्त आवाज. म्हणजे पलीकडच्याने खुन्याचं नाव जरी सांगितलं, तरी कोर्टात त्याची किंमत शून्य. पुरावा ज्याचा त्याने आपापल्या काळात, पायपीट करूनच शोधायचा. मला ही बंधनं फार हुशारीची वाटतात. लेखिकेने दार उघडलं ते जेमतेम फटीएवढं, आणि त्या फटीतून अख्खी मालिका काढली.

आणि क्रम बघा. हे-यंगला जे पहिले निरोप मिळतात, ते जे-हानसाठी शेवटचे असतात. जे-हान त्याला चांगला ओळखतो, नावाने हाक मारतो, आणि सांगतो की हे बोलणं पुन्हा सुरू होईल, पण तेव्हा पलीकडे 1989 मधला मी असेन आणि माझी समजूत तुला काढावी लागेल. हे-यंगला यातलं काही कळत नाही. आपल्यालाही नाही. नंतर 1989 मधला जे-हान येतो, कोवळा, धांदरट, ह्या आवाजावर विश्वास न ठेवणारा. तेव्हा आपल्या लक्षात येतं की या माणसाचं पुढे काय होणार आहे हे आपण ऐकून बसलोय. त्याने काहीही विनोदी केलं तरी हसता हसता पोटात कालवतं. पुढचं आधी सांगून टाकलंय, तरी उत्सुकता तसूभरही कमी होत नाही. उलट वाढते.

भूतकाळ बदलता येतो, हा तर या मालिकेचा कणाच. पण बदल फुकट मिळत नाही. हे-यंगच्या एका सुगाव्यावरून जे-हान 1995 मध्ये चोरीच्या प्रकरणात एका माणसाला पकडतो. माणूस चुकीचा असतो. त्याच सुमारास पूल कोसळतो आणि त्याची लहान मुलगी जाते. वीस वर्षं तुरुंगात काढून तो बाहेर येतो तो सूड घ्यायलाच, आणि त्याने रचलेल्या सापळ्यात शीतगाडीचा, म्हणजे थंड माल नेणाऱ्या ट्रकचा, स्फोट होऊन हे-यंगची वरिष्ठ चा सू-ह्यन मरते. एका चांगल्या हेतूने केलेल्या मदतीचा हा हिशेब. पुढे भूतकाळ पुन्हा बदलतो, सू-ह्यन परत समोर उभी राहते, नेहमीसारखी चिडचिड करत. तिला काही आठवत नाही. आठवतं ते फक्त हे-यंगला. तो तिच्याकडे कसा बघतो, ते बघा. त्या बघण्यात मेलेली सू-ह्यन पण आहे.

(तो पूल कोरियन प्रेक्षकाला ओळखायला क्षणही लागला नसेल. सोलमधला सोंगसू पूल 21 ऑक्टोबर 1994 ला सकाळी खरंच कोसळला होता, 32 माणसं गेली.)

मुदतीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे खुनाचा खटला अमुक वर्षांतच भरायचा, अशी मुदत नसते. दक्षिण कोरियात होती. आधी 15 वर्षं, 2007 मध्ये ती 25 झाली, आणि जुलै 2015 मध्ये ती काढून टाकण्यात आली. म्हणून पहिल्या प्रकरणात, शाळकरी मुलीच्या अपहरणाच्या तपासात, भिंतीवरचं घड्याळ हेच सगळ्यात भीतीदायक पात्र होतं. समोर गुन्हेगार बसलाय, आणि रात्रीचे बारा वाजले की तो मोकळा. इथे अंधार नाही, किंकाळी नाही, मेलेल्याची सावली नाही, नुसते काटे सरकतात. आणि ज्या मुलामुळे ही मुदत रद्द झाली, दएगू शहरातला सहा वर्षांचा पोरगा, 1999 मध्ये ॲसिडहल्ल्यात गेलेला, त्याच्या खटल्याला नवा कायदा लागूच झाला नाही. मुदत उलटून गेली होती. मी हे वाचलं त्या दिवशी मालिका लावलीच नाही.

आता ज्या प्रसंगासाठी मी ही पोस्ट लिहायला घेतली, तो. जे-हानचं एका मुलीवर प्रेम असतं. बोलायचं धाडस नसतं. मालिकेत एक खुनी सत्र आहे, एकामागून एक बायकांचे खून होतात, त्यात तिचाही बळी जातो. नंतर त्याला तिने त्याच्यासाठी ठेवलेली सिनेमाची दोन तिकिटं मिळतात. तो एकटा जातो. पडद्यावर विनोदी सिनेमा, थिएटर हास्याने दणाणतंय, शेजारची खुर्ची रिकामी. आणि हा धिप्पाड माणूस हुंदके देऊन रडतो. आजूबाजूच्या हसण्यात त्याचं रडणं कुणाला ऐकू जात नाही. या प्रसंगात वॉकीटॉकी नाही, चमत्कार नाही, काळ मागेपुढे होत नाही. पण त्याशिवाय वॉकीटॉकीला अर्थच उरला नसता, कारण पुढे रोज रात्री तो माणूस त्या यंत्राला का चिकटून बसतो हे आपल्याला आता कुणी समजावून सांगावं लागत नाही. अमानवी कथा लिहिणाऱ्यांनी आधी असा एक प्रसंग लिहावा, मग भूत आणावं, असं मला मनापासून वाटतं.

शेवट मात्र मला थोडा खटकतो. तो मोकळा सोडलाय त्याची तक्रार नाही. पण शेवटच्या भागात बदललेले भूतकाळ इतके भराभर येतात की कुठल्या जगात कुणाला काय माहीत आहे, हे कागदावर मांडावं लागतं. तोवर पाळलेली शिस्त तिथे जरा सुटते. ज्यांना पटत नसेल त्यांनी जरूर लिहा, मला यावर बोलायला आवडेल.

मालिकेतलं ते खुनी सत्र दक्षिण कोरियातल्या ह्वासोंगच्या खऱ्या प्रकरणावरून घेतलेलं आहे. 1986 ते 1991, दहा बायका. खटल्याची मुदत 2006 मध्ये संपली. मालिकेत त्याचा छडा लागला तेव्हा प्रत्यक्षात लागलेला नव्हता. तो लागला 2019 मध्ये, डीएनएवरून. गुन्हेगार 1994 मधल्या एका वेगळ्या खुनासाठी आधीपासूनच जन्मठेप भोगत होता. आणि त्या दहापैकी एका खुनासाठी भलताच माणूस सुमारे वीस वर्षं तुरुंगात राहून आला होता, त्याची निर्दोष सुटका डिसेंबर 2020 मध्ये झाली. डीएनए जुळला तो बळी गेलेल्यांच्या वस्तूंवरचा. मुदत संपली, आता या सामानाचा काही उपयोग नाही, असं म्हणून ते कुणी फेकून दिलं नव्हतं.