कार्यालयीन प्रणालीत प्रवेश न मिळवण्याविषयी काही सूचना

तुमच्या कंपनीने नवीन स्वयंचलन प्रणाली घेतली असेल, तर सर्वप्रथम तुमचे अभिनंदन. हजेरी, रजा, खरेदीची मागणी, प्रवासभत्ता, पुरवठादारांची बिले आणि त्यांवरच्या साहेबांच्या मंजुऱ्या आता कागदाचा कपटाही न हलता एकाच ठिकाणी आपोआप होणार आहेत, असे परिपत्रक तुम्हाला मिळालेच असेल. ते छापून, सही-शिक्क्यानिशी सूचनाफलकावर लावलेलेही तुम्ही पाहिले असेल. मात्र ही सगळी किमया लॉगिनच्या पानापलीकडे घडते, हे अनुभवी कर्मचाऱ्याच्या चटकन लक्षात येते. त्या पानाच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसाला आपल्या नावावर किती कामे तुंबली आहेत ते दिसत नाही, आणि न दिसलेल्या कामाबद्दल त्याला दोष देणे कोणत्याही साहेबाला जड जाते. तेव्हा प्रवेश जितका लांबेल तितके बरे, हे गृहीत धरून पुढील सूचना मनोभावे पाळाव्यात.

पडद्यावर उमटलेला त्रुटीचा संदेश कधीही पूर्ण वाचू नये. ‘युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा आहे’ या वाक्यातला ‘किंवा’ मुद्दाम घातलेला असतो. दोहोंपैकी नेमके काय चुकले हे सांगितले, तर खाते फोडायला बसलेल्या परक्या माणसाला निदान युजरनेम बरोबर असल्याचा सुगावा लागेल, म्हणून प्रणाली मोघम बोलते. तुम्ही त्यातून पासवर्डच चुकला असा अर्थ काढावा, आणि युजरनेमच्या जागी ईमेल पत्ता अपेक्षित आहे की कर्मचारी क्रमांक, हे पाहण्याच्या फंदात पडू नये. आकड्यांच्या बाबतीतही हेच धोरण ठेवावे. ४०१ हा आकडा दिसला, तर प्रणालीला तुमची ओळख पटलेली नाही. ४०३ दिसला, तर ओळख पटली आहे, पण त्या दालनात जायची परवानगी तुमच्या खात्याला कोणी दिलेली नाही. ही परवानगी साहेबांकडून मागून घेतली की प्रश्न मिटतो, म्हणूनच तसे करू नये. ४०३ आल्यावर पासवर्ड बदलावा. नव्या पासवर्डनेही ४०३ च येईल आणि प्रणाली कुचकामी असल्याचे तुमचे मत पुराव्यानिशी सिद्ध होईल. ४२९ चा अर्थ थोड्या वेळात फार वेळा विनंती झाली, आता थांबा, असा आहे. तो आल्यावर एंटरची कळ अधिक जोराने दाबावी.

पासवर्ड टाइप करताना कळफलकाची भाषा पाहू नये. सकाळी कामगार आयुक्तांना मराठीत पत्र लिहिले असेल आणि इनस्क्रिप्ट कळफलक तसाच चालू राहिला असेल, तर तुम्ही मनात इंग्रजी अक्षरे म्हणत असताना संगणक निष्ठेने देवनागरी नोंदवत राहतो, आणि टिंबांच्या रांगेत ते कोणालाही कळत नाही. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदलता येते किंवा शेजारचे डोळ्याचे चिन्ह दाबून लिहिलेले वाचता येते, ही माहिती सहकाऱ्यांपासून लपवून ठेवावी. संदेशातून आलेला तात्पुरता पासवर्ड नकलून चिकटवताना शेवटी एक रिकामी जागा सोबत येते, तीही प्रेमाने आत घ्यावी.

आता खाते कुलूपबंद करून घेण्याच्या विद्येकडे वळू, कारण इथे नवशिके फार कष्ट करतात. ते खुर्चीत बसून चुकीचे पासवर्ड टाइप करत राहतात. जाणते कर्मचारी संगणकावर पासवर्ड बदलतात, आणि फोनमधील कार्यालयीन मेलमध्ये, सभागृहातील लॅपटॉपवर व घरच्या टॅबमध्ये जुनाच पासवर्ड राहू देतात. ही इमानी उपकरणे मग तुम्ही जेवत असताना, झोपेत असताना, सत्यनारायणाला बसलेले असताना ठरावीक अंतराने जुना पासवर्ड घेऊन दारावर जात राहतात आणि खाते बंद पाडतात. आयटी विभागाने कुलूप काढले की काही मिनिटांत ते पुन्हा पडते. आयटीवाल्या मुलाने ‘सर, फोनमध्ये जुना पासवर्ड साठवलेला आहे का?’ असे विचारलेच, तर किंचित दुखावलेल्या स्वरात ‘मी फोनवर ऑफिसचे काहीच पाहत नाही’ असे सांगावे. त्याने विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरचे, म्हणजे साठवलेले पासवर्ड जिथे राहतात त्या कप्प्याचे, नाव काढले, तर संगणकाला हात लावायला साहेबांची लेखी परवानगी आणायला सांगावी.

ओटीपीच्या ॲपने लॉगिन करायचे असेल, तर घड्याळ हे तुमचे सर्वांत विश्वासू शस्त्र आहे. त्या ॲपमधील सहा आकडे कुठूनही पाठवले जात नाहीत. नोंदणीच्या वेळी ठरलेले एक गुपित आणि चालू वेळ यांच्या गणितातून तुमचा फोन आणि कंपनीचा सर्व्हर ते स्वतंत्रपणे काढतात, आणि बहुधा दर ३० सेकंदांनी ते बदलतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मानकात ही रीत लिहून ठेवलेली आहे. म्हणजे दोघांची घड्याळे जुळली तर आकडे जुळणार. डोंबिवलीपासून विरारपर्यंत लोकल चुकू नये म्हणून घड्याळ दहा मिनिटे पुढे ठेवण्याची आपली जी जुनी रीत आहे, ती फोनला लावली की काम झाले: फोन दहा मिनिटांनंतरचे आकडे आत्ताच दाखवतो आणि सर्व्हर ते विनम्रपणे नाकारतो. नेटवर्कवरून वेळ आपोआप घेण्याची सोय फोनच्या सेटिंगमध्ये असते. ती बंदच ठेवावी. कार्यालयातील संगणकाचे घड्याळही बिघडवायचे असेल, तर पाच मिनिटांहून अधिक फरक ठेवावा, कारण विंडोजच्या जाळ्यातील ओळखतपासणी मुळात तेवढी सवलत देते आणि त्याहून कमी फरकाने तुमची मेहनत वाया जाईल.

तुमच्या या कार्यात व्यवस्थापनाचेही मोठे सहकार्य असते, ते मुदतीच्या रूपाने. संगणकावरचा पासवर्ड आला तो १९६० च्या दशकाच्या आरंभी, अमेरिकेतील एमआयटीमध्ये, एकच संगणक अनेकांनी वाटून वापरण्याच्या फर्नांडो कोर्बातो यांच्या प्रणालीतून. तिथे संशोधन करणाऱ्या ॲलन शेर यांना आठवड्याला चारच तास मिळत; तेवढ्यात काम उरकेना, म्हणून १९६२ मध्ये त्यांनी सगळ्यांच्या पासवर्डची यादीच संगणकाकडून छापून घेतली. कामाचे तास वाढवून मिळावेत म्हणून पासवर्ड चोरणारा माणूस आमच्या पाहण्यातल्या कोणत्याही कार्यालयात आज सापडणार नाही. पुढे २००३ साली बिल बर यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेसाठी मार्गदर्शिका लिहिली, आणि तिच्या आधाराने जगभर मोठी अक्षरे, आकडे, चिन्हे आणि ठरावीक काळाने पासवर्ड बदलणे यांचे कर्मकांड रुजले. त्याच संस्थेने २०१७ मध्ये, पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसताना केवळ मुदत संपली म्हणून तो बदलायला लावू नये, असे सांगितले. बर यांनी आपल्या सल्ल्याबद्दल खेदही व्यक्त केला. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये विंडोजच्या आपल्या सुरक्षा-शिफारशींतून ही मुदत काढून टाकली. तुमच्या कंपनीपर्यंत ही वार्ता पोहोचलेली नसेल, तर ती पोहोचवण्याचा आगाऊपणा तुम्ही करू नये.

कारण विंडोजच्या जाळ्यात मुळात ठरवून आलेली मुदत ४२ दिवसांची असते, आणि मागचे २४ पासवर्ड लक्षात ठेवून प्रणाली ते पुन्हा घेत नाही. म्हणून सरळ मनाचा कर्मचारी ‘मोरया@०१’ पासून सुरुवात करून ‘मोरया@२५’ पर्यंत जातो आणि आपण नेमके कितव्या मोरयावर आहोत हे विसरू नये म्हणून आकडा टेबलावरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवतो. लेखापरीक्षक आले की ते कॅलेंडर उलटे करून ठेवायचे असते, एवढे भान पुरे. पासवर्ड घाईत बदलून लगेच विसरला, तर आणखी बहार आहे: मूळ नियमानुसार एक दिवस उलटल्याशिवाय तुम्हाला तो स्वतःहून पुन्हा बदलता येत नाही.

ब्राउझरबद्दल फार लिहायला नको. इन्कॉग्निटो खिडकीत लॉगिन होत असेल आणि नेहमीच्या खिडकीत होत नसेल, तर जुन्या कुकी (संकेतस्थळांनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदी) पुसल्या की भागते, किंवा त्याच ब्राउझरमध्ये तुमचे खासगी खाते उघडे असल्याने प्रणालीचा गोंधळ होत असतो. दोन्हींचा शोध न घेता संगणक बंद करून चालू करावा. इंटरनेट एक्सप्लोरर मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी निवृत्त केला असला, तरी तुमच्या विभागात एखाद्या जुन्या संगणकावर तो अजून सेवावाढीवर असण्याची दाट शक्यता आहे. नवीन प्रणाली त्यातच उघडावी.

आता प्रणालीतल्या रोबोटविषयी, म्हणजे माणसाऐवजी लॉगिन करून ठरलेली कामे उरकणाऱ्या प्रोग्रामविषयी. आमच्या मते या सगळ्या प्रकरणातील सर्वांत प्रामाणिक कर्मचारी तोच आहे. रात्री दोन वाजता उठून पुरवठादारांची बिले वाचायची, आकडे हिशेबात भरायचे आणि सकाळी साहेबांच्या टेबलावर अहवाल ठेवायचा, असे त्याचे काम. त्यासाठी त्यालाही माणसासारखा युजरनेम आणि पासवर्ड दिलेला असतो, आणि माणसासाठी केलेले नियम त्यालाही लागू असतात. ४२ व्या दिवसानंतर तो दारात उभा राहतो. नवा पासवर्ड सुचवा, असे पडदा म्हणतो, आणि हे पान त्याला कोणी शिकवलेले नसल्याने तो पहाटेपर्यंत तिथेच थांबतो. ओटीपी लावला असेल, तर तो रोबोटची नोंदणी ज्या कर्मचाऱ्याच्या फोनवरून झाली त्याच्याच फोनवर दिसतो, आणि तो गृहस्थ मागच्या दिवाळीत राजीनामा देऊन दुसरीकडे रुजू झालेला असतो. यावर, रोबोटसाठी माणसाच्या नावाचे खाते न वापरता सेवेचे वेगळे खाते काढावे आणि त्याचा पासवर्ड कुलूपबंद तिजोरी-सॉफ्टवेअरमध्ये ठेवून तिथूनच आपोआप बदलावा, असा उपाय जाणकार सांगतात. तुम्ही सकाळी लवकर येऊन रोबोटच्या नावाने स्वतः बिले भरावीत. त्यासाठी लॉगिन करताना ‘मी रोबोट नाही’ या चौकोनात खूण करावी लागेल, ती निःसंकोच करावी; स्वयंचलनाने वाचवलेल्या तासांच्या मासिक अहवालात तुमचे हे तास रोबोटच्या नावावर मोजले जातील.

एवढे सारे करूनही काही दिवसांनी साहेब विचारतीलच. तेव्हा हेल्पडेस्ककडे तक्रार नोंदवायची तयारी दाखवावी. तक्रार नोंदवण्याचे पान त्याच प्रणालीत असल्याने ते लॉगिन केल्यावरच उघडते. म्हणून शेजाऱ्याच्या खात्यातून तक्रार करावी. आयटी विभाग तत्परतेने शेजाऱ्याचा पासवर्ड बदलून देईल आणि तो शेजाऱ्याला कळवायला विसरेल. आता प्रवेश नसलेले दोघे झाले. संध्याकाळपर्यंत तक्रार निकाली निघाल्याचा मेल येईल. समाधान झाले नसल्यास खालील दुव्यावर लॉगिन करून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवावे, अन्यथा समाधान झाले असे गृहीत धरले जाईल, असे त्यात लिहिलेले असेल.