नाव दिलं का?

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापूरचं नाव न घेता कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि आपल्याकडे एकच प्रश्न घुमला: नाव दिलं का? कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं, त्यामुळे राग बरोबरच होता. पण तेव्हापासून कापड, भरतकाम, काहीही निघालं की चर्चा याच एका प्रश्नापाशी येऊन थांबते. मार्च २०२३ मध्ये डिओरने गेटवे ऑफ इंडियासमोर शो केला तेव्हा भरतकाम करणाऱ्या मुंबईच्या चाणक्य कंपनीचं नाव ठळक होतं, म्हणून आपण खूश. नाव आलं, विषय संपला.

मला विचाराल तर नाव सगळ्यात शेवटी येतं. नमुना फसला तेव्हा खोलीत कोण होतं, हे आधी विचारा.

इथे हॉलंडमधल्या टिलबर्गला, मॉमर्सच्या जुन्या लोकर गिरणीत टेक्स्टीलम्युझियम आहे आणि त्यातच टेक्स्टीललॅब. चित्रकार येतात, फॅशनवाले येतात, आणि तंत्रज्ञाशेजारी बसून कापड विणून घेतात. 'फाइल पाठवते, कापड पाठवा' असं होत नाही, आणि का होत नाही ते साध्या हिशेबात आहे. समजा जकार्ड मागाला, म्हणजे हुकाने धागे उचलून नक्षी विणणाऱ्या मागाला, २४०० हुक आहेत आणि ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, सेंटीमीटरला ४० धागे. म्हणजे नक्षीची रुंदी ६० सेंटीमीटर. बाणा, म्हणजे आडवे धागे, सेंटीमीटरला २० धरला तर ६० सेंटीमीटर उंचीला १२०० धागे पुरतात. म्हणून कापडावरचा चौरस फाइलमध्ये २४०० बाय १२०० पिक्सेलचा काढावा लागतो. चित्रकार २४०० बाय २४०० देतो आणि मागावरून चेहरा दुप्पट लांब होऊन उतरतो.

हे संगणकावर दोन मिनिटांत सुधारतं. पुढचं नाही. चित्रातल्या प्रत्येक रंगाला एक वीण नेमून द्यावी लागते. डाव्या अर्ध्या भागाला साधी वीण आणि उजव्याला सॅटिन दिली की दोघींचं जमत नाही. साध्या विणीत ताण्याचा धागा सारखा वर-खाली होतो, म्हणून जास्त खपतो. सॅटिनमध्ये तो लांब तरंगतो, म्हणून कमी. पण ताणा सगळा एकाच बीमवरून, म्हणजे मागामागच्या रुळावरून, सुटतो. काही मीटर झाले की साध्या भागातले धागे ताणून तुटायला लागतात आणि सॅटिनकडचे सैल पडून लोंबतात. मग एक तर सॅटिनमध्ये धागा जास्त ठिकाणी अडकवायचा, नाहीतर दोन्ही विणी रुंदीभर विखरून टाकायच्या. पहिल्याने चमक कमी होते, दुसऱ्याने चित्रच बदलतं. तंत्रज्ञाला एकट्याला हे ठरवता येत नाही, चित्रकारालाही नाही. आणि बुधवारी दुपारी अर्धी मंडळी मुलांची शाळा लवकर सुटते म्हणून घरी जाणार, त्यामुळे जे ठरवायचं ते साडेबाराच्या आत.

संशोधक आला की गुंता वाढतो. वीज वाहून नेणारा, चांदीचा मुलामा दिलेला नायलॉन धागा ताण्यातही घातला आणि बाण्यातही, तर जिथे छेदेल तिथे शॉर्टसर्किट. म्हणून दुपदरी कापड विणून तो एका ठिकाणी वरच्या पदरात, दुसऱ्या ठिकाणी खालच्या पदरात न्यायचा. घामाने आणि धुण्याने मुलामा झिजतो, विजेला रोध वाढत जातो, म्हणून प्रत्येक धुण्यानंतर मोजायचं. संशोधकाला धागा झाकलेला हवा, फॅशनवाल्याला चांदी दिसायला हवी. हे भांडण मागाशेजारीच सुटतं. फसलेला तुकडा चिठ्ठी लावून जपून ठेवायचा.

आता मुंबईतला भरतकामाचा कारखाना घ्या. अड्ड्यावर, म्हणजे लाकडी चौकटीवर, कापड ताणलेलं. खाका म्हणजे ट्रेसिंग पेपरवरच्या चित्राला सुईने पाडलेली भोकं. त्यावरून रॉकेलमध्ये कालवलेली खडूची पूड बोळ्याने फिरवायची, फिक्या कापडावर नीळ. रॉकेल जास्त झालं की रेशमावर डाग पसरतो, कमी पडलं की पूड झडते आणि काम अर्ध्यावर असताना रेघ गायब. दाट जरीकाम कापड आत ओढतं, म्हणून मुरलेले मास्टरजी खाका मुळातच थोडा मोठा काढतात. किती मोठा, ते कापडावर आणि टाक्यावर अवलंबून, आणि तो आकडा त्यांच्या डोक्यात. पावसाळ्यात कापड सैल पडतं, दोऱ्या पुन्हा पुन्हा आवळाव्या लागतात.

टिलबर्गला याला संशोधन म्हणतात. मुंबईत याला जॉबवर्क म्हणतात. डिझायनर व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो, खाली 'थोडं लाइट करा'. लाइट म्हणजे रंग, वजन की टाके? कारागीर अंदाजाने उसवतो, तिसऱ्यांदा उसवतो, आणि उसवण्याची मजुरी कुठल्याच बिलात नसते. फसलेला तुकडा पोत्यात. नाव दिलं का म्हणून विचारणाऱ्यांपैकी त्या पोत्याबद्दल कोणी विचारलेलं मी तरी वाचलं नाही.

'तिकडे बसून बोलायला काय जातं' हे मला पाठ आहे. टिलबर्गच्याही गिरण्या बंद पडल्या, फक्त संग्रहालय झालेल्या त्या एका गिरणीच्या आवारात माग चालू ठेवले. आपल्याकडे १९८२ च्या संपानंतर गिरणगावात काय उभं राहिलं ते सगळे बघतात, आणि काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलमधल्या वस्त्रसंग्रहालयाबद्दल वर्षानुवर्षं नुसतं ऐकतो आहोत. बरं, माणसं नाहीत म्हणावं तर तेही नाही. माटुंग्यात १९२४ पासूनची कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, आणि व्हीजेटीआय, आयसीटी या तंत्रशिक्षण संस्था एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. वस्त्रसंशोधनासाठी वरळीला सस्मिरा, घाटकोपरला बीटीआरए. जे.जे.ची वस्त्रकलेची मुलं सीएसएमटीला उतरतात. मध्ये फक्त मध्य रेल्वे आहे! आणि हे आपण एकदा केलेलंही आहे: पुपुल जयकरांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या विणकर सेवा केंद्रात चित्रकारांना नोकऱ्या होत्या, आपले चित्रकार प्रभाकर बरवे तिथे अनेक वर्षं होते. चित्रकार विणकरांसाठी नक्षी करत होते, तेही सरकारी पगारावर. हॉलंडकडून शिकायची गरज नव्हती.

हॉलंडकडून शिकायची गरज नव्हती, असं मी हॉलंडमध्ये बसून लिहिते आहे. ताणा, बाणा, पदर हे शब्द इथे दिवसभरात एकदाही तोंडात येत नाहीत, आणि मुंबईच्या कारखान्यात मी 'बाहेरची मॅडम' असते. इथे मात्र माझ्याकडे लोक 'तिकडचं' ज्ञान म्हणून बघतात, आणि मी ते नाकारत नाही. आरीचा टाका, खाक्याची वाढ, हे सगळं इथल्या कामात माझ्या खात्यावर जमा होतं.

निधीच्या अर्जात सहयोगी व्यक्तींचा रकाना असतो. टिलबर्गच्या तंत्रज्ञाचं पूर्ण नाव, हुद्दा, कामाचे तास मी नीट भरते. त्याखालच्या ओळीत लिहिते: मुंबईतील भरतकाम कारागीर. अनेकवचनात. तास अंदाजे.