गॅसलाइटमधला दिवाणखाना नेमका मांडला कोणी?

जुन्या हॉलिवूडचा विषय निघाला की आपली गाडी हिरो, हिरॉइन, फार तर डायरेक्टरपर्यंत जाते आणि तिथंच थांबते. म्हणून आज एडविन विलिस. मेट्रो गोल्डविन मेयर या हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओचा सेट डेकोरेटर, 32 नॉमिनेशन्स, 8 ऑस्कर, आणि नाव कुणाला माहीत नाही!

आर्ट डायरेक्टर भिंती, दारं, जिने ठरवणार. मग त्या रिकाम्या खोलीत कुणीतरी राहतंय असं वाटायला लावायचं काम याचं, म्हणजे पडदे, गालिचे, दिवे, खुर्च्या, टेबलावरचं सटरफटर सगळं.

माझ्या मते हे काम बघायचं तर 1944 चा गॅसलाइट हा सिनेमा बघा. लंडनमधलं घर, दिवाणखान्यात इतकं सामान की बायको झालेल्या इन्ग्रिड बर्गमनला श्वास घ्यायला जागा नाही, आणि हे नुसतं शोभेचं नाहीये हां, नवरा बायकोला वेडं ठरवतो ते याच सामानाच्या जोरावर. बायकोच्या मेलेल्या मावशीचं फर्निचर माळ्यावर टाकून वरचा मजला बंद करून टाकतो, मग भिंतीवरचं एक छोटं चित्र गायब होतं आणि तो नोकरबायकांना बायबलवर ओठ टेकवून शपथ घ्यायला लावतो, बायको समोर बसून बघतेय, आणि आपण त्या भिंतीवरच्या रिकाम्या जागेकडे. त्या चित्रावर अख्खा सीन उभा आहे राव.

गॅसलाइटचं ऑस्कर विलिससकट चौघांत वाटलं गेलं. त्यातला पॉल हुल्डशिन्स्की बर्लिनच्या श्रीमंत घरातला, नाझींमुळे देश सोडून आलेला. जर्मन लेखक थॉमस मानच्या कॅलिफोर्नियातल्या घराची अंतर्गत सजावटही त्याचीच. भरलेली, जड, जुन्या पैशाची घरं कशी असतात हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती, असं मला तरी वाटतं.

आता श्रेयाचं बघा. सेड्रिक गिबन्स हा आर्ट डिपार्टमेंटचा साहेब, स्टुडिओच्या सिनेमांवर आपलं नाव येणार हे त्याने करारातच लिहून घेतलेलं, त्यामुळे विलिसच्या आठही ऑस्करवर शेजारी गिबन्स आहेच. विलिसची बाजू घ्यावी, तर तोही आपल्या खात्याचा साहेब! शेकडो सिनेमांवर नाव, सगळीकडे हा स्वतः उशा मांडत फिरला असेल होय? खरी धावपळ हुल्डशिन्स्की, कीओ ग्लीसन अशा हाताखालच्या डेकोरेटरांची. आपल्या ऑफिसात प्रेझेंटेशन कोण बनवतं आणि पहिल्या स्लाइडवर नाव कुणाचं असतं, तसंच. पण यांचं खाली नाव तरी आलं, सुतार-पेंटरचं तेही नाही.

जाता जाता, मेट्रोचाच हेन्री ग्रेस, जीजी या सिनेमासाठी ऑस्कर मिळालेला सेट डेकोरेटर, दिसायला इतका अमेरिकेचा सेनापती आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या आयझेनहॉवरसारखा की 1962 च्या द लाँगेस्ट डे या युद्धपटात त्याला थेट आयझेनहॉवर म्हणूनच उभं केलं. निदान एकाचा तरी चेहरा लोकांनी पाहिला, तोही दुसऱ्याच्या नावाने 😄