झाडीबोली बंगाल्यांनी नाही बुडवली

बाहेरून आलेल्यांनी आपली भाषा, आपले सण सोडल्याशिवाय देशाची संस्कृती टिकणार नाही, असं एका लेखकाचं म्हणणं वाचलं. मी गडचिरोली जिल्ह्यातला, झाडीबोली ही आमची इथली मराठी बोली. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना मुलचेरा, चामोर्शी भागात वसवलं, त्याला ५० वर्षं उलटून गेली. ते घरात बंगाली बोलतात, दुर्गापूजा करतात आणि बाजारात आमच्याशी मराठीत भाव करतात. शेजारी गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे. त्यांनी आपली प्रार्थना सोडली नाही, म्हणून आमची मंडई, म्हणजे गावची जत्रा, कुठं बंद पडली? आमच्याच जिल्ह्यातल्या वडशाच्या मंडळांची नाटकं अजूनही रात्रभर चालतात, मंडप भरलेला असतो.

इथली भाषा त्यांनी शिकावी, हे मात्र शंभर टक्के मान्य.

पण झाडीबोलीचं काय झालं ते मी सांगतो. शाळेत मी ती बोललो की गुरुजी सगळ्या वर्गासमोर हसायचे. मग मी माझ्या पोरांशी ती बोललोच नाही. परवा नातवानं 'बांधी', म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, हा झाडीबोलीतला शब्द घरी आणला, तो आमच्या बंगाली शेजाऱ्याच्या तोंडून ऐकलेला. माझ्याकडून त्याला तो मिळाला नाही, याचं फार वाईट वाटलं.